पुरो आतां

मुंबईतल्या जुन्या परमिट रूमना बहुधा एक पोटमाळा असतो. अरुंद जिना, वर पाच-सहा टेबलं, मध्ये खांद्याइतक्या उंचीची पार्टिशनं, खडखडणारा एसी आणि त्या एसीच्या नावाने वाढवलेले दर. दारावर पाटी, ‘फॅमिली रूम’. बरोबर बाई दिसली की सगळ्या मंडळींना वर धाडायचं, ही रीत. मी गिरगावातली. पहिली बिअर अशाच एका माळ्यावर, ऑफिसातल्या चौघांबरोबर प्यायले. वेटर ऑर्डर घ्यायला आला तो माझ्याकडे न बघता शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाला, “मॅडमना काय?” मॅडम समोरच बसल्या होत्या.

जिना चढण्याआधी खालची खोली ओझरती दिसायची. खरा बार तो. ट्यूबलाइट, सनमायकाची टेबलं, गल्ल्यावर शेट्टी, भिंतीवर साईबाबा. आणि एखाद्या टेबलाशी एकटाच बसलेला गृहस्थ. समोर क्वार्टर, सोड्याची बाटली, बशीत उकडलेले चणे, हातात संध्याकाळचा पेपर. त्याला कोणी काही विचारत नव्हतं आणि तोही कोणाची वाट बघत नव्हता. सातची लोकल सोडून आठची पकडायची, एवढा वेळ त्याने बाजूला काढला होता, आणि घरी पोचल्यावर ‘गाड्या लेट होत्या’ म्हटलं की भागणार होतं. मला त्या खुर्चीचा हेवा वाटायचा. चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहायचो. तिथे माझी म्हणावी अशी खुर्ची नव्हती. त्याच्याही घरी नसणार. पण त्याला ती तासाभराच्या भाड्याने मिळत होती, मला मिळत नव्हती.

आमच्या राज्याचं दारूशी नातंच चमत्कारिक. मोरारजी देसाईंच्या आग्रहातून 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. तो कायदा आजही आहे. फक्त ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं. बंदी उठवली असं कोणी सांगितलं नाही, ती हळूहळू सैल करत नेली. कागदोपत्री अजूनही प्यायला परवाना लागतो. आयुष्यभराचा हजार रुपयांत. एका दिवसाचा हवा असेल तर विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. बिअरला वयाची एकवीस वर्षं पुरी लागतात, त्याहून कडक काही हवं तर पंचवीस. आणि परवाना कशासाठी, तर प्रकृती सांभाळण्यासाठी धारकाला मद्याची गरज आहे म्हणून. म्हणजे पेग समोर ठेवून बसलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या लेखी आजारी. परमिट रूमला खिडक्या का नसतात, असल्या तर काचा काळ्या का असतात, आत शिरणारा माणूस पायरीवर एकदा डावीउजवीकडे का बघतो, या सगळ्यामागे मला तो कायदा दिसतो. खुशीने प्यायची सोयच त्याने ठेवली नाही. प्रकृतीसाठी प्यायचं, आणि तेही लपून.

बंदी खरोखर कडक होती तेव्हाच्या मुंबईत धोबीतलाव, गिरगाव, वांद्रे या भागांत आंट्या होत्या. गोव्याकडच्या, काही ईस्ट इंडियन. घराची पुढची खोली, दोन बाकं, पलंगाखाली बाटल्या, बशीत उकडलेली अंडी. आजोबांच्या वयाचे लोक या आंट्यांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. लहानपणी मला वाटायचं, पोलिसांच्या धाकाने. मोठेपणी नीट ऐकलं तेव्हा कळलं, धाक आंटीचा होता. तिथे पिणारे सगळे पुरुष, पण खोली बाईची. ‘उद्यापासून येऊ नकोस’ असं ती कोणालाही सांगू शके, आणि ज्याला सांगितलं तो मुकाट्याने जाई. बेकायदा धंदा, त्यामुळे दाद मागायला पोलिसात जायचीही सोय नाही!

बंदी सैल झाली, आंट्या गेल्या, शेट्टींचे बार आले. धंदा उजळ माथ्याने सुरू झाला आणि बाई माळ्यावर गेली.

पन्नाशीच्या अलीकडे बँकेने माझी पणजीला बदली केली. मुलगी शिकायला बाहेर, नवरा मुंबईत त्याच्या नोकरीला चिकटलेला. पणजीच्याच मळा या भागात भाड्याने जागा घेतली. गोव्यात बाईने ग्लास हातात धरला तर कोणी दचकत नाही, असं मुंबईकरांचं मत असतं. ते किनाऱ्यावरच्या हॉटेलांपुरतं बरोबर आहे. पणजीच्या गल्लीतल्या तावेर्नमध्ये संध्याकाळी जाऊन बघा, बाकांवर सगळे बाप्येच बसलेले दिसतील. फरक एवढाच की काउंटरच्या पलीकडे बऱ्याचदा बाई असते.

मी जाते त्या तावेर्नचं नाव सांगणार नाही. जागा आधीच कमी आहे. सां तोमेकडून मळ्याकडे येताना एका आडगल्लीत जुन्या घराची पुढची खोली, एवढाच तिचा पसारा. रस्त्याच्या बाजूला छातीइतक्या उंचीची दोन झापं, ढकलली की आत. तीन टेबलं, भिंतीला लागून एक बाक, काउंटरशी दोन स्टुलं. फळीवर वेताच्या जाळीतले मोठे काचेचे गाराफांव, त्यांत काजूची फेणी, एकात माडाची. वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे अखंड पेटता लाल बल्ब. शेजारी बँकेचं कॅलेंडर. आमच्या नाही, दुसऱ्या बँकेचं, हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं. दुपारी एकला झापांमागचं खरं दार लागतं, ते चारच्या आत उघडत नाही. संध्याकाळी तेर्साच्या, म्हणजे रोझरीच्या वेळी आंटी आतल्या खोलीत जाते. तेवढा वेळ ग्लास रिकामा झाला तरी तसाच धरून बसायचं, कोणी हाक मारत नाही.

पहिल्या दिवशी मी झापं ढकलली तेव्हा बाकावरच्या चौघांनी वळून पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग ते आपापल्या ग्लासाकडे वळले आणि पुन्हा बघितलं नाही. मुंबईत बघणं संपत नाही. इथे ते एकदाच उरकलं. आंटी सत्तरीच्या आसपासची, ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. “कितें जाय?” तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत, “खंयचें तूं?” मुंबई म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. तिचे वडील धोबीतलावच्या कुडीत राहिलेले. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहायची जागा. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशी तिथे ट्रंक ठेवून राहत, संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणत. माझं घर तिथून दहा मिनिटांवर, हे ऐकल्यावर तिने काउंटरशी असलेलं स्टूल पुसलं. ते मग माझं झालं.

बाकावरची मंडळी ठरलेली. एक निवृत्त पोस्टमन. एक तारवटी, आयुष्यभर बोटींवर हिंडून आता चर्चपलीकडे न जाणारा. एक पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून भाडं नेणारा. दिवसाचा धंदा संपवून गाडी घरी लावल्याशिवाय तो येत नाही. एक शिंपी, तो क्वचितच बोलतो. विषय फुटबॉल, मासळीचा भाव, कोणाच्या घराला कोणत्या दिल्लीवाल्याने किती देऊ केले ते. मारिओ मिरांडांच्या चित्रांत अशा तावेर्नमधली माणसं पुष्कळ भेटतात, गोल पोटाची, लांब नाकाची, सगळी एकाच वेळी बोलणारी. आमच्याकडे तेवढी गर्दी होऊच शकत नाही. चौघं बोलायला लागले की पाचव्याने ऐकायचं.

आणि नेमकं हेच, म्हणजे या खोलीचं लहानपण, मला तिथे ओढून नेतं हे कळायला बराच वेळ लागला. आधी वाटलं होतं, मला मुंबईतल्या त्या गृहस्थाची खुर्ची मिळाली. कोणी ओळखत नाही, कोणी विचारत नाही. पण या खोलीत निनावी राहणं अशक्यच आहे. तुम्ही काय प्यायलात, किती प्यायलात, कोणत्या चेहऱ्याने आलात, हे तीन टेबलांना आणि काउंटरला एकाच वेळी दिसतं. मध्यंतरी तापाने पडले होते तेव्हा काही दिवस गेले नाही. कामावर रुजू झाले त्या दिवशी पायलट पासबुक भरून घ्यायला बँकेत आला. त्याचं खातं आमच्याकडे नव्हतंच. “आंटीने विचारलंय, बरी आहेस ना,” एवढं बोलून तो गेला. शेजारच्या टेबलावरचा क्लार्क माझ्याकडे बघत राहिला. मला आधी राग आला. बाईवर लक्ष ठेवणारे आयुष्यभर कमी का भेटले होते! रागाचा जोर मग ओसरत गेला, कारण एक गोष्ट ध्यानात आली. आंटी लक्ष ठेवते ते सगळ्यांवर, आणि सारखंच.

ते लक्ष कशासाठी असतं, ते ती नाही म्हणते तेव्हा कळतं.

प्रत्येकाचा एक शेवटचा ग्लास असतो आणि तो आंटीने ठरवलेला असतो. पोस्टमनचा दुसरा, कारण त्याला साखर आहे. तारवट्याचा तिसरा. शिंप्याचा एरवी तिसरा, पण त्याची बायको बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात होती त्या दिवसांत पहिलाच. त्यापुढे ग्लास सरकवला की ती गाराफांवाकडे हात नेत नाही. “पुरो आतां,” म्हणते. कारण देत नाही, समजावत नाही, आवाज चढवत नाही. वाद घातला तर “घरा वच, फाल्यां यो.” कोणाच्या स्कूटरची चावी काढून घ्यावी लागली तर ती काउंटरमागच्या खिळ्याला लटकते आणि सकाळी चहाच्या वेळी मिळते. एकदा एका तरण्या मुलाने पाचशेची नोट काउंटरवर आपटली. तिने नोटेची घडी घातली, त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली आणि खिसा थोपटला. त्या थोपटण्यापुढे मुलाला काही सुचेना.

मी बँकेतली असल्यामुळे असेल, पण मला यातलं गणित दिसतं. चाळीस टेबलांच्या बारमध्ये मालक गिऱ्हाईकाचं तोंड बघत नाही, तो रात्री गल्ल्याचा आकडा बघतो. वेटरच्या टिपेची टक्केवारी बिलावर, त्यामुळे ग्लास अर्धा झाला की ‘रिपीट?’ हा प्रश्न येतोच. पुढचा पेग हाच तिथला नफा. तीन टेबलांच्या खोलीत हिशेब उलटा होतो. इथे गिऱ्हाईकं मोजकी, नवी फारशी येणारच नाहीत, आणि उधारीच्या वहीत प्रत्येकाचं पान आहे. एका ग्लासाचा फायदा तो किती? पण पोस्टमन गेला तर वीस वर्षांची रोजचे दोन ग्लास गेले. तो धडधाकट राहण्यात तिचा धंदा आहे. आंटीला हे असं मांडून दाखवलं तर ती मला पायताण दाखवेल, म्हणून मी गप्प आहे. पण आमच्या बँकेत एखाद्याला कर्ज नाकारायचं तर सात कागद आणि तीन सह्या लागतात, आणि द्यायचं असेल तर त्याच्या मोबाइलवर आम्हीच आपणहून मेसेज पाठवतो. कुठे नाही म्हणायचं हे आंटीला आमच्या क्रेडिट विभागापेक्षा जास्त कळतं, हे मी शपथेवर सांगेन.

म्हणून मी तावेर्नची आरती ओवाळते आहे असं नाही. आंटीचं ‘पुरो’ तिच्या झापांपर्यंतच चालतं. पन्नास पावलांवर दुसरा बार आहे आणि तिथे पोस्टमनची साखर कोणाला ठाऊक नाही. तो तिकडे कधी जात नसेल असं मी मानत नाही. माझी एक मावशी साताऱ्याकडच्या गावात राहते. तिकडे बायकांनी मतदान मागितलं होतं, उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर गावातलं दुकान बंद होतं, असा महाराष्ट्रात नियम आहे. मावशीने आडव्या बाटलीवर शिक्का मारला. मी तिथली मतदार असते तर मीही तोच मारला असता, कारण त्या गावातलं देशीचं दुकान मी पाहिलंय. लोखंडी जाळीत हाताएवढं भोक. आतून बाटली बाहेर, बाहेरून नोट आत. देणाऱ्याला घेणाऱ्याचा फक्त पंजा दिसतो. उभ्याने पिऊन माणसं तिथेच गटारापाशी बसतात. त्या जाळीमागे बसलेल्याने कोणाला ‘पुरो’ म्हणायचं, आणि कोणाकडे बघून?

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या खोलीचा वास बदलतो. काजूचे बोंडू उतरले की भट्ट्या पेटतात. बोंडू पायांनी तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेची ती हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांची. तीच पुन्हा चढवली की चाळिशीच्या पुढे जाणारी फेणी. फेणी वर्षानुवर्षं राहते, हुर्राक टिकत नाही, पाऊस पडेपर्यंतच तिची मौज. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. वास मात्र सोसावा लागतो, पिकलेल्या बोंडूचा उग्र गोडसर वास केसांत घेऊन घरी यायचं. हुर्राकच्या दिवसांत आंटी थोडी ढील देते. शिंपीसुद्धा बोलतो. हद्दीपलीकडे, पत्रादेवीचा नाका ओलांडला की दोडामार्ग-सावंतवाडीकडे हेच काजू, हेच बोंडू. बी काढून घेतली की बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतात. झाडं तीच, माती तीच, मधे 1949चा कायदा उभा. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. आंटीला हे कोणीतरी पेपरमधून वाचून दाखवलं होतं. तिने विचारलं, त्याने लायसन्सची फी उतरणार का. उतरणार नव्हती.

वारसा झाल्यावर जे व्हायचं ते होतंच आहे. फोंतेन्यासच्या पिवळ्या-निळ्या भिंतींसमोर दिवसभर फोटो चालतात. जोझेफ बारसारखी जुनी चिमुकली जागा तरुण पोरांनी इतकी डोक्यावर घेतली की माणसं आत मावत नाहीत, गल्लीत उभी राहून पितात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू; निदान मुली तिथे माळ्यावर न जाता रस्त्यावर उभ्या असतात. मांडवीत कॅसिनोंच्या बोटी झगमगतात. तिथे आत शिरायचे पैसे भरले की वरची दारू फुकट, आणि ती संपूच देत नाहीत. शुद्धीत असलेला माणूस किती वेळ पत्ते लावेल? आमच्या गल्लीच्या तोंडाशीही आता एक कॉकटेल बार उघडलाय. मुलगी सुट्टीत आली तेव्हा ती मला घेऊन गेली. कोकम आणि फेणीचं काहीतरी उंच ग्लासात आलं, वर मिठाची कड. चव छान होती. बिल बघून मी मनातल्या मनात आंटीच्या दराने त्याचा भागाकार केला. वाढणारा मुलगा हसतमुख होता, त्याने वाकून तीनदा विचारलं, अजून काही आणू का. चौथ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, “बास झालं असं कधी म्हणता का कोणाला?” त्याला वाटलं मी सर्व्हिसबद्दल तक्रार करते आहे. तो मॅनेजरला घेऊन आला.

आंटीचा एक मुलगा लिस्बनला, एक कॅनडात. धंदा चालवायला दोघांपैकी कोणी येणार नाही. खोलीवर डोळा ठेवून असलेले चार जण आहेत. त्यातल्या एकाने तीन टेबलं, झापं आणि लाल बल्बसुद्धा जसाच्या तसा ठेवीन असं आश्वासन दिलंय. त्या आश्वासनावर तारवटी खो खो हसला. परवा पोस्टमन लवकर उठून गेला, खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी विचारलं, तुझ्यानंतर काय?

“तूं चलय,” आंटी म्हणाली. निवृत्तीला किती वर्षं उरली तेही तिने विचारून घेतलं. मग ग्लास पुसता पुसता थांबली, चष्मा डोळ्यांवर चढवला. “पूण तुका ‘ना’ म्हणूंक येता?”

आयुष्य बँकेत काढलेली मी. सवयीने म्हणाले, “विचार करून सांगते हं आंटी.”

“पळय,” ती म्हणाली, “थंयच नापास जालें तूं.” आणि माझ्यापुढचा रिकामा ग्लास उचलून मोरीत ठेवला.